नर्मदेच्या उगमाकडे : एका सहलीची पूर्वतयारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त महाराजपूर, जबलपूर येथे मंडळाच्या सभासद-कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक सहल कोठे न्यावी या प्रश्नावर आपल्या कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांतील चहा आणि चिवडा संपला. प्रश्न मात्र शिल्लक राहिला. एक पक्ष अष्टविनायकाचा, दुसरा कोकण किनाऱ्याचा आणि तिसरा ‘कोठेही चालेल, पण खर्च कमी’ या मताचा. मी मंडला, डिंडोरी आणि अमरकंटक असा चौथा प्रस्ताव मांडला, तेव्हा सभेत क्षणभर शांतता पसरली आणि मग एका वडीलधाऱ्या सभासदांनी अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, “अहो, पण तिकडे पाहण्यासारखे आहे तरी काय?” या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी चिटणिसांनी मला आज अर्धा तास दिला आहे. पुढील रविवारी आपण हात वर करून निर्णय करणार आहोत. तेव्हा माझे हे बोलणे म्हणजे एका प्रस्तावाचे समर्थन आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

मी इतिहासाचा पंडित नाही की भूगोलाचा अभ्यासक नाही. साधा बी. ए. झालेला आणि केंद्र सरकारच्या डाक खात्यात आयुष्य काढलेला माणूस आहे. परंतु या खात्याची एक कृपा आहे. जेथे दुसरा अधिकारी वर्षानुवर्षे फिरकत नाही, तेथेही शाखा डाकघर असते आणि त्याची तपासणी करावी लागते. त्या निमित्ताने मंडला आणि डिंडोरी या दोन जिल्ह्यांत मी पुष्कळ हिंडलो. शिक्के मोजले, बचतखात्यांची पुस्तके तपासली आणि काम संपल्यावर समोर पसरलेला मुलूख पाहिला. तो पाहून मनात जे साठले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हा प्रदेश कोणता, ते निश्चित करू. जबलपूरहून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे नर्मदेच्या प्रवाहाविरुद्ध चालू लागले, म्हणजे मंडला लागते. आणखी वर गेले की डिंडोरी आणि शेवटी मैकल पर्वताच्या माथ्यावर अमरकंटक. डिंडोरी हा पूर्वी मंडला जिल्ह्याचाच भाग होता. १९९८ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. अमरकंटक २००३ पासून अनूपपूर जिल्ह्यात मोडते. आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल की, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आणि आपले जबलपूर ज्या प्रांतात होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि मराठी ही त्याच्या दोन प्रमुख भाषांपैकी एक होती. दुसऱ्या दिवशी राज्ये बदलली. आपल्यापैकी कित्येकांचे वडील किंवा आजोबा नागपूरच्या सचिवालयाच्या हुकुमाने येथे आले आणि एका रात्रीत ‘परप्रांतीय’ झाले. माणूस जागचा हलला नाही, सीमा हलली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेथे पाहण्यासारखे काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे दगड. हसू नका. मंडल्याहून रामनगरकडे गेल्यावर जवळच ‘काला पहाड’ नावाची एक टेकडी आहे. तेथे काळ्या पाषाणाचे कोरीव वाटावेत असे बहुकोनी खांब एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले दिसतात. लोक म्हणतात, राजाने महाल बांधण्यासाठी जमवलेले हे दगड आहेत. वस्तुतः तो थंड होताना तडकलेला लाव्हारस आहे. ज्या लाव्हारसाच्या थरांतून सह्याद्री घडला, ज्यात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, ज्याचे असेच उभे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर दिसतात, त्याच दख्खनच्या काळ्या पाषाणाचे ईशान्येकडील टोक मंडला-अमरकंटकापर्यंत पोहोचले आहे. ‘आपला मुलूख सोडून आपण किती दूर आलो’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या टेकडीवर एकदा बसावे. पायाखाली महाराष्ट्राचाच दगड आहे.

त्याच दगडाच्या पोटात दुसरे नवल आहे. डिंडोरी जिल्ह्यात शहापुराजवळ घुघुवा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे झाडांचे दगड झालेले आहेत. लाव्हारसाचा एक लोट आणि दुसरा लोट यांच्या मधल्या काळात उगवलेली वनराई, ताडामाडाच्या जातीची झाडे, त्यांची खोडे, पाने, फळे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गाडली गेली आणि शिळारूप झाली. १९८३ मध्ये हे स्थान राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्या अवशेषांत निलगिरीच्या कुळातील खोडही सापडले आहे. निलगिरी आज आपण ऑस्ट्रेलियाचा वृक्ष म्हणून ओळखतो. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे सारे भूखंड कोणे एके काळी एकत्र होते, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. आणि त्या महाखंडाला त्यांनी जे ‘गोंडवन’ नाव दिले, ते याच गोंडांच्या मुलखावरून. जगभरच्या शाळांतून मुले जे नाव पाठ करतात, तो प्रदेश आपल्यापासून एका सकाळच्या प्रवासावर आहे आणि आपली मुले तो पाहण्याआधी सिंगापूर पाहून येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वन. महाराष्ट्राचे जंगल मुख्यतः सागाचे. येथे पूर्वेकडे जाता जाता सागाचे राज्य संपते आणि सालवृक्षाचे सुरू होते. तिकडचे लोक त्याला सरई म्हणतात. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन उदास दिसतो. सरईचे वन मात्र पूर्णपणे उघडे असे क्वचितच होते. फाल्गुन-चैत्रात जुनी पाने गळता गळताच नवी कोवळी पालवी येते आणि फिकट फुलांचा मंद वास सबंध डोंगरावर भरून राहतो. त्या वनात मोहाचे झाड प्रत्येक कुटुंबाचे ठरलेले असते, हे मला एका शाखा डाकपालांनी समजावून सांगितले. ‘हे झाड आमच्या आजोबांचे’ असे ते अशा स्वरात म्हणाले की, आपल्याकडे एखादा वाड्याबद्दल बोलेल.

तिसरी गोष्ट म्हणजे राजवट. जबलपूरकरांना राणी दुर्गावतीचे नाव नवे नाही. अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिने देह ठेवला. मदनमहाल आपण पाहुण्यांना दाखवतो. परंतु गढा-मंडल्याचे हे राज्य तिच्यानंतरही सव्वादोनशे वर्षे टिकले, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? तिच्या वंशातील हृदयशहाने सतराव्या शतकात नर्मदाकाठी रामनगर येथे राजधानी नेली. तेथील मोतीमहाल आजही उभा आहे. मध्ये प्रशस्त चौक, चौकात हौद, सभोवती दालने आणि मागे नर्मदा. तेथील १६६७ सालच्या संस्कृत शिलालेखात या राजघराण्याची वंशावळ दिलेली आहे. इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आल्यानंतरचे हे वर्ष. म्हणजे ज्या काळात राजगडाच्या परिसरात स्वराज्याची पुन्हा जुळवाजुळव चालली होती, त्याच काळात येथे एक गोंड राजा आपल्या पूर्वजांची नावे दगडावर कोरून ठेवीत होता.

मंडल्याचा किल्ला तिन्ही बाजूंनी नर्मदेने वेढलेला आहे. समोरच्या तीरावर, जेथे बंजर नदी नर्मदेस मिळते, तेथे जी वस्ती आहे तिचे नाव ऐकून आपणांस गंमत वाटेल. तिचेही नाव महाराजपूर! आपण या महाराजपुरात बसून त्या महाराजपुरास जाण्याचा बेत करीत आहोत.

येथे थोडे थांबून एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. कारण जेथे जायचे, तेथे आपल्या माणसांनी पूर्वी काय केले हे माहीत असावे. १७४२ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या फौजेने मंडल्यास वेढा दिला. राजा महाराजशहा लढाईत मारला गेला आणि त्याच्या वारसाला चौथाईची मोठी रक्कम कबूल करावी लागली. पुढे सागरच्या मराठी अंमलदारांनी हे राज्य संपुष्टात आणले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. आपण शाळेत अटकेपार झेंडे लावल्याचा इतिहास अभिमानाने वाचला आणि तो अभिमान रास्तही आहे. पण झेंडा पोहोचतो तेव्हा वसुलीही पोहोचते. मंडल्याच्या बाजूने पाहिले, तर मराठी माणसाची पहिली ओळख ही चौथाई मागणारा अशी आहे. त्याच राजघराण्यातील शंकरशहा आणि रघुनाथशहा या पितापुत्रांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी याच जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. तो दिवस येथील समाज दर वर्षी पाळतो. आपल्या मंडळाच्या दिनदर्शिकेत तो असावा, असे मला वाटते.

मराठी माणसाची दुसरी ओळखही या मुलखास आहे आणि ती सांगताना मला विशेष आनंद होतो. १९३२ च्या प्रारंभी दोन तरुण बैलगाडीच्या वाटेने मैकलच्या पायथ्याशी करंजिया या गावी येऊन राहिले. एक होते इंग्रज, वेरिअर एल्विन. त्यांचे नाव पुढे जगभर झाले. दुसरे होते त्यांचे मराठी स्नेही शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दोघांची मैत्री जुळली आणि गांधीजींच्या सहवासाने ती दृढ झाली. दोघांनी शाळा काढल्या, औषधे वाटली, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी पाटणगढ येथे मुक्काम हलवला. एल्विन साहेबांनी ग्रंथ लिहिले आणि पन्नासच्या दशकात ते ईशान्य भारतात गेले. शामराव मागे राहिले. पाटणगढ हेच त्यांचे गाव झाले. गोंडांचे भाट असलेल्या प्रधान जमातीवर त्यांनी १९४६ मध्ये इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या प्रदेशातील लोकगीतांच्या संग्रहांवर एल्विनांच्या जोडीने त्यांचे नाव आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. पेशव्यांचे सरदार तेथे गेले आणि वसुली करून परतले. शामराव गेले आणि राहिले. आपण आपल्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. केवळ पहिली सांगितली तर चित्र अर्धे राहील.

आणि हे पाटणगढ आज आणखी एका कारणासाठी प्रसिद्ध आहे. प्रधान हे ‘बाना’ नावाचे तंतुवाद्य वाजवून गोंड यजमानांच्या घरी त्यांच्या कुळाच्या कथा गात असत. आपले गोंधळी आणि वासुदेव आठवावेत. यवतमाळ-चंद्रपूरकडील मंडळींना तर प्रधान परिचितच आहेत. राजे गेले, यजमान गरीब झाले आणि गाणे ऐकणारे घर कमी झाले. अशा वेळी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या तरुणाने घराच्या भिंतीवर काढलेली चित्रे भोपाळच्या भारत भवनातील जाणत्यांच्या दृष्टीस पडली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले. ठिपक्यांनी आणि रेषांनी भरलेले त्याचे हरीण, साप, वृक्ष आणि देव पाहता पाहता कागदावर, कॅनव्हासवर आणि भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीवर उतरले. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. २००१ मध्ये जपानमध्ये असताना त्याचा अकाली अंत झाला. परंतु जे गाणे थांबले होते, ते रंगांतून पुन्हा सुरू झाले. त्याच गावचे भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि त्याच परंपरेतील दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांच्या शाळेच्या भिंतींवर आणि विमानतळांवर आता ही चित्रशैली दिसते. तिचे मूळ गाव मात्र आपण पाहिलेले नाही.

शेवटी अमरकंटक. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर एका कुंडातून नर्मदा निघते आणि पश्चिमेस १३१२ किलोमीटर चालत जाऊन अरबी समुद्रास मिळते. जवळच सोनमुडा येथे शोणाचा उगम मानतात; तो पूर्वेस वाहून गंगेस मिळतो. एकाच माथ्यावरून दोन समुद्रांच्या वाटा फुटतात. कलचुरी राजांच्या काळातील अकराव्या शतकाच्या सुमाराची मंदिरे तेथे आहेत आणि थोड्या अंतरावर कपिलधारेचा धबधबा. नर्मदेच्या परिक्रमेवर मराठीत भक्तीने आणि प्रेमाने पुष्कळ लिहिले गेले आहे, गो. नी. दांडेकरांपासून आजच्या लेखकांपर्यंत ती परंपरा चालू आहे. आपल्या जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी तर चित्रकाराच्या डोळ्याने ही नदी पायी पाहिली आणि हिंदी-गुजराती वाचकांना दाखवली. पुण्या-मुंबईचे लोक परिक्रमेसाठी हजार मैल प्रवास करून येतात. नदी आपल्या ग्वारीघाटावरून जाते आणि आपण तिच्या उगमाला जात नाही.

कान्हा मी मुद्दाम वगळले आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. कान्हा थोर आहे. बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये ६६ पर्यंत खाली आली होती; तेथील लोकांनी ती जात वाचवली, हे फार मोठे काम आहे. परंतु वाघ पाहण्याची घाई सुरू झाली की मनुष्य दुसरे काही पाहत नाही. त्याकरिता स्वतंत्र सहल काढावी.

आता प्रत्यक्ष आखणी. सरकारी मनुष्य असल्यामुळे दौऱ्याचा कार्यक्रम लिहिल्याविना मला चैन पडत नाही.

काळ : मार्गशीर्ष ते माघाचा पूर्वार्ध उत्तम. डिसेंबर-जानेवारीत अमरकंटकास कडाक्याची थंडी पडते. पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसते. तेव्हा कानटोप्या आणि जाड शाली हव्यातच. माघ शुद्ध सप्तमीस नर्मदा जयंती असते आणि पुढे महाशिवरात्रीची यात्रा. त्या दिवसांत तेथे गर्दी उसळते. आपल्याला शांतता हवी असेल, तर ते दिवस टाळावेत. पावसाळ्यात हा मुलूख अत्यंत सुंदर दिसतो. परंतु वृद्ध मंडळी आणि लहान मुले बरोबर असताना ओढ्यांच्या पुरावर भरवसा ठेवू नये.

संख्या : पन्नास माणसांची मोठी बस नेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. पन्नास माणसे एका लहान गावात उतरली की गाव दिसेनासे होते आणि केवळ आपणच दिसतो. वीस ते चोवीस माणसे आणि दोन लहान गाड्या, एवढेच प्रमाण योग्य. इच्छुक अधिक असतील, तर दोन तुकड्या करू.

मार्ग : पहिल्या दिवशी सकाळी निघून मंडला, अंतर शंभर किलोमीटरच्या आतच आहे. दुपारी किल्ला आणि संगम, संध्याकाळी सहस्रधारा, जेथे नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य धारांनी वाहते. रात्री मंडल्यास मुक्काम. दुसऱ्या दिवशी रामनगर आणि काला पहाड, मग नर्मदेच्या वळणांनी वर डिंडोरी. तिसऱ्या दिवशी पाटणगढ, करंजिया आणि घाट चढून अमरकंटक. चौथा दिवस सबंध अमरकंटकास. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी परतताना डिंडोरी, शहापुरा आणि घुघुव्याचे शिळावन पाहून रात्रीपर्यंत घरी. परतीचा पल्ला मोठा असल्याने त्या दिवशी पहाटे निघावे.

ज्येष्ठांना पूर्वीची छोटी गाडी आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरून सातपुड्याच्या जंगलातून नैनपूरकडे जाणारी ती गाडी जबलपूरहून २०१५ मध्ये बंद झाली. आता त्या मार्गावर मोठे रूळ आहेत आणि प्रवास जलद झाला आहे. तरीही आपल्या सहलीला मोटारच सोयीची. कारण आपल्याला जागोजागी थांबायचे आहे.

मुक्काम : मंडला, डिंडोरी आणि अमरकंटक येथे राहण्याची साधी, स्वच्छ सोय होते. मात्र आधी पत्र किंवा दूरध्वनी करून खोल्यांची पक्की खातरजमा करावी आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी तळमजला मागून घ्यावा. मधल्या गावांत भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो. म्हणून सर्वांजवळ मुक्कामांची कागदावर लिहिलेली यादी असावी. रोख पैसे, नेहमीची औषधे आणि उकळलेले पाणी बरोबर न्यावे. आपल्यातील डॉक्टर सभासदांपैकी एक जण प्रत्येक तुकडीत असावेत, अशी माझी विनंती आहे.

भोजन : भगिनींनी पाच दिवसांची थालीपिठे आणि धपाटे करून न्यावेत, अशी सूचना आली आहे. पहिल्या दिवसापुरती ती मला शिरोधार्य आहे. पुढचे चार दिवस तिकडचे अन्न खावे. कोदो म्हणजे आपल्या कोकणातील हरीक. कुटकी म्हणजे आपल्या उपवासाच्या वरईची सख्खी बहीण. कोदोचा भात, कुलथाची डाळ, रानातील भाजी असे जेवण मी दौऱ्यावर कितीदा तरी जेवलो आणि तृप्त झालो. डिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा महिलेने कित्येक जुन्या भरड धान्यांचे बियाणे आपल्या घरी जपून ठेवले, म्हणून २०२३ मध्ये तिचे नाव देशभर गाजले. दुकानात महाग पुड्यांतून मिळणारे हे धान्य जेथे पिकते, तेथेच ते खावे.

वर्तन : हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण तेथे पाहुणे म्हणून जात आहोत. कोणाच्या अंगणात शिरण्यापूर्वी विचारावे. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. ‘नाही’ म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे. चित्रकाराच्या घरी चित्र आवडले, तर त्याने सांगितलेली किंमत द्यावी. भाजीच्या बाजारात घासाघीस करण्याचा आपला हक्क अबाधित आहे. पण ज्या हाताने ते चित्र महिनाभर ठिपका ठिपका करून भरले, त्याच्याशी घासाघीस करू नये. मुलांना गोळ्या-बिस्किटे उधळू नयेत. त्याऐवजी शाळेच्या गुरुजींना विचारून पुस्तके द्यावीत. ‘हे लोक’ असा शब्दप्रयोग आपल्या मुलांच्या कानांवर पडू देऊ नये. आणि नेलेला प्रत्येक प्लॅस्टिकचा कागद परत आणावा.

वर्तनाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. बरगी धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याने मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. त्यांतील पुष्कळ माणसे जबलपुरात येऊन मिळेल ते काम करू लागली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, आपली सायकलरिक्षा ओढणाऱ्या दादांना ‘तुमचे गाव कोणते?’ असे कधी विचारून पाहावे. धरणाचा उपयोग आहे, वीज आहे, पाणी आहे. हे मी नाकारीत नाही. पण आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याखाली कोणाचे तरी गाव आहे, हे माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांच्या पाणी पिण्यात फरक पडतो.

आता शेवटचा आक्षेप. तो सर्वांत प्रेमळ आहे, म्हणून सर्वांत अवघडही आहे. अष्टविनायकाच्या पक्षातील मंडळी म्हणतात, “आपण आधीच महाराष्ट्रापासून दूर आहोत. निदान सहलीच्या निमित्ताने तरी मुलांना आपली माती दाखवू.” ही तळमळ मी समजू शकतो. माझ्याही घरी पंढरीची वारी आणि कोकणातील कुलदैवत यांचे स्मरण नित्य होते. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन आणि पुण्याचे नातेवाईक आतापासूनच विचारू लागले आहेत की, ‘परत केव्हा येणार?’ माझी कन्या येथे जन्मली, येथे शिकली. तिला कोणी ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले, तर ती मी सांगितलेले सातारा जिल्ह्यातील गावाचे नाव सांगते. त्या गावी ती आयुष्यात सगळे मिळून दहा दिवस राहिली असेल. आणि ज्या मुलखात तिची पंचवीस वर्षे गेली, त्याबद्दल मात्र तिला सांगण्यासारखे काही नाही. कारण आम्ही तिला ते दाखवलेच नाही. हे केवळ माझ्या घरचे नाही. आपल्या मंडळातील पुष्कळ मुले नोकरीनिमित्त बंगळूरला, पुण्याला, परदेशी गेली आहेत. जुनी मंडळी एकेक करून कमी होत आहेत. पुढील पन्नास वर्षांत येथे किती मराठी घरे राहतील, हे सांगणे कठीण आहे. अशा वेळी पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना एक प्रश्न मनास टोचतो. गणेशोत्सव झाले, नाटके झाली, हळदीकुंकू झाले, कोजागिरी झाली. आपण आपली भाषा आणि आपले सण येथे जिवापाड जपले, ते योग्यच झाले. पण ज्या भूमीने आपल्याला पन्नास वर्षे सांभाळले, तिची ओळख आपण करून घेतली काय?

दोन गावे असण्यात कमीपणा नाही. माहेर आणि सासर दोन्ही आपलीच असतात, हे आपल्या भगिनींना सांगावे लागत नाही. सासरी नांदताना स्त्री माहेर विसरत नाही. पण सासरच्या परसात कोणती झाडे आहेत, हे मात्र तिला ठाऊक असते. आपण पुरुषमंडळी बदलीच्या हुकुमावर आलो आणि पन्नास वर्षे बदलीच्याच मनाने राहिलो. अष्टविनायक आपण यापूर्वी केले आहेत आणि पुढेही करू. तो मार्ग कोणी बंद केलेला नाही. कोकणचा समुद्रही तेथेच राहणार आहे. परंतु मंडळ जोवर येथे आहे, वडीलधारी माणसे जोवर गाडीत बसू शकतात आणि मुले जोवर सुटीत घरी येतात, तोवरच ही एक सहल सर्वांना मिळून करता येईल.

म्हणून माझा प्रस्ताव असा : सुवर्णमहोत्सवी सहल पाच दिवसांची, दोन तुकड्यांची, मंडला-डिंडोरी-अमरकंटक अशी निश्चित व्हावी. खर्चाचा तपशील मी चिटणिसांकडे दिला आहे. ज्यांना रक्कम जड वाटेल त्यांच्यासाठी महोत्सव निधीतून गुप्तपणे साह्य करण्याची तरतूद कार्यकारिणीने करावी, अशीही त्यात सूचना आहे. सहलीपूर्वी एका संध्याकाळी मुलांना राणी दुर्गावती, हृदयशहा, शामराव हिवाळे आणि जनगढसिंह श्याम यांची ओळख करून द्यावी. ते काम मी आनंदाने अंगावर घेतो.

पुढील रविवारी आपण सर्वांनी अवश्य यावे आणि आपले मत द्यावे. प्रस्ताव मान्य झाला, तर आनंद आहे. न झाला, तर मी अष्टविनायकाच्या गाडीतही तितक्याच उत्साहाने बसेन आणि तेथे आपणांस पुन्हा अमरकंटकाची गोष्ट सांगेन. त्या त्रासातून सुटका हवी असेल, तर हात वर करणे हाच एक उपाय आहे.



नर्मदे हर! जय महाराष्ट्र!